बांधातले हात

नारंगखारच्या बांधावरच्या श्रमदानाचे फोटो सलग तीस वर्षांचे होते. त्यांतल्या एकाही फोटोत कुणाच्या मनगटाच्या वर चिखल गेलेला नव्हता.

दर मे महिन्यात, पावसाळी उधाणं सुरू व्हायच्या आधी, जोळाचे एकतीस सभासद बांधावर ओळीनं उभे राहत. जोळ ही खारेपाटातली जुनी व्यवस्था. ज्याची जमीन बांधाच्या आत, त्यानं बाकीच्यांच्या बरोबरीनं बांध राखायचा. बांधाच्या बाहेर धरमतरची खाडी, आत एकशेऐंशी एकर तांबडा भात, आणि दोहोंच्या मध्ये चिखलाचा एक लांबलचक उंचवटा, एवढंच गाव. फोटोत घमेली असत, फावडी असत, कपाळावरचा घाम पुसण्याची एक हमखास पोझ असे. फोटो झाला की मंडळी आंब्याखाली सरबत प्यायला जात आणि मागं पोकलेन सुरू होई. चाळीस माणसांचं दहा दिवसांचं काम ते चार तासांत आटपायचं. फोटो तालुक्याला जात आणि तालुका खूश होई. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

जोळाचे अध्यक्ष पद्माकर घरत, वय एकसष्ट, प्रत्येक फोटोत डावीकडून तिसरे. फावडं धरायची त्यांची ढब अशी, की बघणाऱ्याला वाटावं, आत्ता कुणीतरी त्यांना दमात घेऊन थांबवलंय, नाहीतर आणखी खणले असते.

२०४१ साली मात्र फोटो पुरेना. गोदामांचं एक अवाढव्य संकुल खाडीच्या काठानं सरकत सरकत नारंगखारच्या शिवेला येऊन भिडलं होतं. शेजारची दोन गावं त्यात गेली. उरली वाट एकच, ती म्हणजे चार वर्षांपूर्वी आलेला संवेदनशील शेतजमीन कायदा. जी शेती माणसाच्या रोजच्या हातकामावरच जिवंत आहे, आणि ते हातकाम जुन्या रीतीनं सलग तीस वर्षं, एकाही पावसाळ्याचा खंड न पडता चाललं आहे, ती जमीन संपादनातून बाहेर. पद्माकरनी झटपट प्रतिज्ञापत्र केलं: 'मी स्वतः व जोळाचे सर्व सभासद आजतागायत दर वर्षी स्वहस्ते बांध राखत आलो आहोत, अन्य कोणाही व्यक्तीचा यात सहभाग नाही.' खाली सही, शिक्का. सरकारी यंत्र येणार हे त्यांना ठाऊक होतं, पण यंत्र येऊन बांधाची उंची मोजेल, एवढीच त्यांची समजूत होती.

यंत्र आलं ते एका बॅगेत. त्याचं सरकारी नाव स्तरवाचक. गावानं दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव चिखलचाटी ठेवलं. ते घेऊन आलेली शलाका साळवी ही रत्नागिरीकडची मुलगी नऊ दिवस बांधावर उकिडवी बसून चिखलाचे बोटभर नमुने काढत होती. दहाव्या दिवशी, बुधवारी सकाळी, ती पद्माकरांच्या ओटीवर येऊन बसली. पद्माकरांची बायको सुगंधा चहा घेऊन आली आणि कप ठेवून आत जायचं विसरली.

"काका, दोन हात आहेत," शलाका म्हणाली.

"दोन? आमचे एकतीस सभासद आहेत."

"फोटोत आहेत. बांधात नाहीत."

पद्माकर हसले. अध्यक्षाला असं हसता यावं लागतं. "तुमच्या यंत्राला काय कळतंय, कोणी कुठं माती टाकली ते?"

शलाकानं समजावून सांगितलं, आणि तिची समजवायची पद्धत चांगली होती. वाळूचा अगदी बारीक कण असतो ना, ती म्हणाली, तो जमिनीत पुरला गेला की आजूबाजूच्या मातीतल्या किरणोत्साराचा थोडा थोडा साठा आपल्या आत करत राहतो. ऊन लागलं की साठा रिकामा. म्हणजे मातीचा गोळा हातानं बांधात दाबला, त्या दिवशी त्यातल्या कणांचं घड्याळ शून्यावर येतं आणि अंधारात पुन्हा चालू होतं. किती साठा झाला ते मोजायचं, की गोळा कधी दाबला ते कळतं. पूर्वी यात पन्नास-शंभर वर्षांची चूक व्हायची. आता दोन महिन्यांची होते. पोकलेननं उचललेली माती मात्र खोलातली असते, तिच्या पोटात ऊन शिरतच नाही. तिचं घड्याळ हजारो वर्षं दाखवतं.

"आणि हात?"

"चिखल दाबताना हाताची कातडी घासते. तिच्या पेशी गोळ्याच्या पोटात अडकतात. खाऱ्या चिकणमातीला हवा लागत नाही, त्यामुळं पेशींमधला डीएनए मातीच्या पापुद्र्यांना चिकटून वर्षानुवर्षं टिकतो. वरून कोण चालत गेलं, ते आम्ही मोजत नाही. गोळ्याच्या आत कोणाचा हात आहे, तेवढंच."

मग तिनं आकडे सांगितले. एकूण तपासलेले बुजवे दोनशे बारा. बुजवा म्हणजे खेकड्यानं बांधाला पाडलेलं भोक हातानं मातीचा गोळा दाबून बंद करतात तो. खारबांध लाटेनं फुटत नाही, तो असल्या बोटभर भोकांनी फुटतो. शंभर माणसांचं वार्षिक श्रमदान एकीकडं आणि रोज एक फेरी मारून भोकं बुजवणं एकीकडं. बांध जगतो तो दुसऱ्यावर.

"हात अ, पुरुष. एकोणीस बुजवे. २०१० च्या पावसाळ्यापासून २०१३ च्या जूनपर्यंत. मग बंद. हात ब, स्त्री. एकशेनव्वद. २०१३ जूनपासून गेल्या महिन्यापर्यंत, एकही पावसाळा चुकलेला नाही. आणि तीन बुजव्यांत दोन्ही हात आहेत."

सुगंधानं पदर खांद्यावर सारखा केला.

"नावं मला कळत नाहीत," शलाका म्हणाली. "कायद्यानं ज्यानं त्यानं आपणहून थुंकीचा नमुना दिला तरच जुळवायचं. पण एक गोष्ट नमुन्याशिवायही दिसते. अ आणि ब सख्खी भावंडं आहेत."

आता खरं सांगायचं तर पद्माकरांना पहिल्या आकड्यालाच सगळं कळलं होतं. २०१० साली त्यांचे वडील हसुराम गेले. हसुराम रोज सकाळी बांधावर फेरी मारत. त्यांच्यामागं तीन वर्षं पद्माकरनी ती फेरी सांभाळली, तिसाव्या वर्षी, थोडी लाजत, कारण बरोबरीचे लोक मोटरसायकलवरून फिरायला लागले होते. २०१३ ला थोरली बहीण चांगुणा नवरा गेल्यावर माहेरी आली. आठ-दहा दिवस दोघं बरोबर गेली, मग ती एकटी जाऊ लागली. 'तू जा, मी येतो मागनं,' असं पद्माकर एका सकाळी म्हणाले आणि ते मागनं येणं अजून व्हायचं होतं.

"हाताची माणसं पुढं आली तर तीस वर्षं भरतात," शलाका म्हणाली. "ब एकट्या आल्या तर अठ्ठावीस. दावा फेटाळला जाईल. दोघंही यायला हवेत. सुनावणी शनिवारी, जागेवर, बांधावरच."

"आणि अ आला तर?"

शलाकानं कप खाली ठेवला. "तर प्रतिज्ञापत्रात जे 'आजतागायत' लिहिलंय, ते खोटं ठरतं. त्याची शिक्षा वेगळी."

ती गेल्यावर सुगंधा म्हणाली, "वन्संकडे जा."

"चौदा वरसं बोलणं नाय आमचं."

"तुमचं नाय. माझं हाय. दर रविवारी चिंबोऱ्यांचा रस्सा ओरपता, त्या चिंबोऱ्या कुठनं येतात वाटतं तुमाला?"

"बाजारातनं. तूच बोललीस."

"हां, मग. बाजार वन्संच्या टोपलीत भरतो."

पद्माकरनी मनातल्या मनात चौदा वर्षांचे रविवार मोजायला घेतले आणि सोडून दिले.

चांगुणाचं घर बांधाच्या आतल्या पायथ्याशी, उघाडीजवळ. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडतं, भरती आली की खाडीच्या रेट्यानंच मिटतं. घराखालची दोन गुंठे जागा पद्माकरांच्या सातबाऱ्यावर होती, आणि भांडण तेवढ्याचंच होतं. वडील गेल्यावर चांगुणानं, तिथल्या सगळ्या बहिणी करतात तसं, साडीचोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सही केली होती. २०२७ मध्ये तिनं भावाला म्हटलं, सगळं ठेव, घराखालचं तेवढं माझ्या नावावर कर. पद्माकरांचा जीव दोन गुंठ्यांत अडकलेला नव्हता. पण एकीनं मागितलं की गावातल्या तीस घरांतल्या बहिणींना आठवण होणार होती. जोळाची बैठक बसली. चांगुणा खेकडे धरायला बांध पोखरते, सबब तिनं बांधावर पाय ठेवू नये, असा ठराव झाला. एकतीस विरुद्ध शून्य.

ती अंगणात बसून चिंबोऱ्यांचे डेंगे, म्हणजे नांग्या, पेंढ्यानं बांधत होती. सदुसष्ट वर्षांची, वाळलेली, हाताची बोटं खेकड्यांइतकीच चपळ.

"आक्का."

तिनं वर पाहिलं नाही. "ठरावाला किती वरसं झाली रं?"

"चौदा."

"मंग पंधराव्याला ये."

पद्माकर उभेच राहिले. बसा म्हणणारं कुणी नव्हतं. उभ्या उभ्या त्यांनी यंत्र, हात, शनिवार सगळं सांगितलं. ती ऐकत होती. एक चिंबोरी निसटली, ती तिनं न बघता पकडली.

"तू बांधावर जात होतीस," शेवटी ते म्हणाले, आणि त्यात थोडी तक्रार होतीच.

"ठरावात 'बांधावर' लिवलंय. मी बांधावर पाय ठेवला नाय. ओहोटीला उघाडीच्या दारातनं निघते, बाहेरच्या अंगानं जाते, खाडीतनं. भोकाचं तोंड तिकडंच असतं. चिंबोरी काढायची, भोक बुजवायचं. तुमी एकतीस जण वरनं फिरता, तुमाला काय दिसनार?"

"पण कशाला बुजवत राहिलीस? आमी असं केल्यावर?"

"पानी तुझ्या शेतात शिरलं असतं, ते माझ्या चुलीवरनं. येडा हायस काय?"

यावर पद्माकरांना हसू आलं असतं, पण तशी वेळ नव्हती. "मग शनिवारी नमुना देशील?"

"देईन. आदी तू दे. सगळ्यांसमोर."

"मी दिला तर मी खोटारडा ठरतो, आक्का. अध्यक्षपद जाईल, खटला होईल."

"आन नाय दिलास तर मी ठरते. पोखरणारी."

"ठराव मी रद्द करून टाकतो. आज संध्याकाळी, कागदावर. गाजावाजा नको."

चांगुणानं पहिल्यांदा वर पाहिलं. "कर की कागदावर. मी पन कागदावरच थुंकते. पाठव तुझ्या यंत्राला."

शनिवारी अमावास्या होती. वर्षातलं मोठं उधाण, भरती बारा अडतीसला. सुनावणीची वेळ बाराची. ती ठरवणारे अधिकारी डहाके वाशिमकडचे होते. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा वर येतं हे त्यांनी वाचलं होतं, पण एवढं वर येतं हे कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. बांधावर मांडव घातला होता. एका बाजूला खाडी मांडवाच्या खांबापासून हातभर खाली हेलकावत होती, दुसऱ्या बाजूला शेतं माणसाच्या उंचीएवढी खाली. डहाकेंनी खुर्ची दोनदा सरकवली, दोन्ही वेळा शेताकडं.

संकुलाच्या कंपनीचे वकील सबनीस हे अतिशय गोड माणूस. त्यांनी पद्माकरांना नमस्कार केला, तब्येत विचारली आणि प्रतिज्ञापत्र काढलं.

"'मी स्वतः आजतागायत.' घरतसाहेब, वाक्य आपलंच?"

"हो."

"सुंदर आहे. मग नमुना द्यायला हरकत नसावी. यंत्र समोर आहे, सहा मिनिटांत निकाल."

एकतीस सभासद पद्माकरांकडं बघत होते. त्यांनी खाली बघितलं. पायथ्याशी, आपल्या अंगणाच्या कडेला, चांगुणा उभी होती. बांधाच्या पहिल्या ढेकळापासून बरोबर एक पाऊल लांब.

"नमुना ऐच्छिक आहे," पद्माकर म्हणाले.

"अर्थातच," सबनीस म्हणाले. "मग दोन वर्षं कमी. डहाकेसाहेब, आणखी काही विचारायचं नाही मला."

डहाकेंनी पेनचं टोपण काढलं, आणि त्याच वेळी चांगुणा ओरडली.

"पानी बघा! गढूळ हाय!"

मांडवापासून दहा पावलांवर, शेताच्या बाजूला, बांधाच्या अंगातून पाणी येत होतं. करंगळीएवढी धार. नितळ धार असती तर खारेपाटात कुणी मान वळवली नसती. गढूळ धार म्हणजे पाणी बांधाचं पोट बाहेर आणतंय. पाच मिनिटांत करंगळीचं मनगट होतं, अर्ध्या तासात खांड पडते, आणि मग एकशेऐंशी एकरांत खाडी. खारं पाणी एकदा आत बसलं की तीन पावसाळे भात नाही. तीन पावसाळे भात नाही, म्हणजे कायद्याला राखायला शेतीच नाही.

"पोकलेन आणा!" सभासदांपैकी कुणीतरी ओरडलं. ते आंब्याखालीच उभं होतं. दर वर्षीच्या सवयीनं.

"आणा, आणा," सबनीस तत्परतेनं म्हणाले. "जीव महत्त्वाचा. मी फक्त नोंद करून घेतो."

"ओल्या बांधावर चढवलं तर सगळा बसंल!" खालून चांगुणा.

पद्माकरनी पायताण काढलं नाही, शर्ट काढला नाही, तसेच शेताच्या बाजूला उतरले आणि दोन्ही हातांनी चिखल उचलून धारेवर दाबू लागले. धार थांबली. मग वीतभर बाजूनं दुप्पट जोरानं फुटली. त्यांनी तिथं दाबलं. ती तिसरीकडून आली.

"पद्या, निघतंय तिथं काय दाबतोस? आतल्या आत फुगंल आन फुटंल! शिरतंय कुटनं ते बघ!"

"कुठनं शिरतंय?"

"खाडीच्या अंगाला. पायाला लागतं ते."

"ये ना मग! दाखव!"

चांगुणा जागची हलली नाही. ओहोटी असती तर ती बाहेरच्या अंगानं गेली असती. पण भरती कानाशी आली होती, उघाडी मिटलेली, बाहेरची वाट पाण्याखाली. खाडीत उतरायचं तर बांध ओलांडूनच जायला हवं होतं.

"मी पोखरते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तसं लिवलंय."

धार आता मनगटाएवढी झाली होती. पद्माकर चिखलात गुडघ्यांवर होते. वर एकतीस तोंडं, एक वकील, एक अधिकारी. या माणसाच्या आयुष्यातली सगळी भाषणं तयार केलेली होती. हे एकच नव्हतं.

"डहाकेसाहेब, लिहून घ्या! ती पोखरत नाही. कधीच पोखरत नव्हती. तिनं घराखालची जागा मागितली. दोन गुंठे. दिली असती तर प्रत्येकाच्या बहिणीनं मागितली असती. म्हणून आम्ही खेकड्यांचं निमित्त केलं. ठराव मी मांडला, मीच खोटा लिहिला." त्यांनी श्वास घेतला. "अ म्हणजे मी. दोन हजार तेरापासून मी या बांधाला हात लावलेला नाही. नमुना घ्या माझा. घ्या, पण आधी तिला येऊ द्या!"

सभासदांतल्या एकानं हळूच विचारलं, "रद्द करायला गणपूर्ती लागेल ना?"

"अरे, सगळा गाव उभा हाय की इथं!" दुसरा खेकसला. "वर करा हात!"

हात वर झाले. नेमके किती, ते डहाकेंनी मोजलं नाही. ते खुर्चीवर चढले होते.

चांगुणा बांधावर आली. घाई केली नाही. पलीकडं उतरताना तिनं वळून न बघता हात मागं केला, तो पद्माकरनी धरला, आणि दोघं खाडीत उतरली. पाणी तिच्या छातीशी आलं. लाटेचा एक तडाखा, तिचा पाय सुटला, पद्माकरनी तिला मनगटाला धरून ओढलं. ती पायानं बांधाचं अंग चाचपत होती. इथं नाही. इथं नाही. मग थांबली.

"वढतंय. हितं, माज्या टाचंशी. वाक."

"मी?"

"मंग मी वाकू? तोंड बुडंल माजं. वाक. हात घाल. कोपरापर्यंत."

पद्माकर वाकले. हनुवटी पाण्याला लागली. हात भोकात गेला, पाणी त्याला आत ओढत होतं.

"आई गं! चावला!"

"चावनारच. घर हाय त्याचं. काढ बाहेर, फेक."

खेकडा डहाकेंच्या दिशेनं गेला. चांगुणानं काठाचं खारं गवत उपटून चिखलात मळलं, वर मूठभर चिकण घेतला, मोठा गोळा केला आणि पाण्याखाली त्यांच्या हातात दिला. "आत सार. अजून. आता वरनं टाच मार. तशी नाय रं, पायानं भात मळल्यासारखी. जोर लाव. बापानं कसं दाखवलं व्हतं?"

"तो मला म्हणायचा, चांगुणाला विचार."

"मंग इचारायचं व्हतंस."

वरून शलाका ओरडली, "काका, धार बारीक होतेय!" थोड्या वेळानं: "नितळ झाली!" पद्माकरनी आणखी दोन गोळे सारले. भरतीनं बारा अडतीसला वर येऊन बांधाच्या कडेला जीभ लावली आणि मग, कुणाचं काही देणं नसल्यासारखी, मागं सरू लागली.

निकाल सहा मिनिटांत आले. शलाकानं दोघांचे नमुने घेतले, आधी त्यांचा, मग तिचा, सगळ्यांसमोर. हात अ म्हणजे पद्माकर हसुराम घरत, शेवटचा बुजवा जून २०१३. हात ब म्हणजे चांगुणा. मिळून तीस वर्षं आणि वर काही महिने.

डहाकेंनी खुर्चीवरून उतरून आदेश लिहिला. जमीन संरक्षित, पुढच्या तीस वर्षांसाठी, हातकामात खंड न पडण्याच्या अटीवर, दर वर्षी यंत्रानं तपासणी. पद्माकर घरत खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल जोळाच्या पदावरून सहा वर्षं बाद, खटल्याची शिफारस. आणि गेल्या दहा वर्षांत प्रत्यक्ष काम करणारी व्यक्ती म्हणून सर्व एकशेऐंशी एकरांच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, राखणदाराचं एकच नाव. तिच्या संमतीशिवाय एक गुंठाही विकायचा नाही, गहाण टाकायचा नाही.

हे शेवटचं वाक्य वाचून झालं तेव्हा एकतीस सभासदांचा आनंद अर्ध्यावर थांबला.

सबनीसांनी कागद आवरले. जाता जाता ते गोड आवाजात म्हणाले, "अभिनंदन, घरतसाहेब. आता आपली जमीन विकायची तर बहिणीची सही आणावी लागेल. त्यांना येते ना सही?"

"येते मना," चांगुणा साडी पिळत म्हणाली. "एकदा केलती."

त्या आठवड्यात खारेपाटात बहिणींना जेवायला बोलवायची साथ आली. सासरी गेलेल्या, वर्षानुवर्षं फोन न झालेल्या बायका रिक्षांतून माहेरी उतरू लागल्या. प्रत्येकीला आग्रहानं वाढलं जाई, आणि हात धुताना कुणीतरी सहज विचारी, ताय, तू कधी बांधावर-बिंधावर गेली होतीस काय गं? पलीकडच्या एका गावात तर दोन भावांनी बहिणीला पाटावर बसवून तिच्याच हातांकडं बघत जेवण केलं म्हणतात. काही बहिणींना हसू आलं. काहींनी ताट बाजूला सारून चिखलचाटी कुठं मिळते ते विचारलं.

पण ते नंतर. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, भरती एक वाजून वीस मिनिटांची होती. सकाळी, पाणी पार उतरलेलं असताना, पद्माकर उघाडीजवळ आले. पायात गुडघ्यापर्यंत रबरी बूट, डोक्याला टोपी, हाताच्या बोटाला पट्टी. दोन गुंठ्यांचा कागद तलाठ्याच्या घरी देऊन आलो, असं त्यांनी आल्याआल्या सांगितलं. चांगुणानं मान हलवली आणि त्यांच्या पायांकडं बघितलं.

"बूट काढ."

त्यांनी काढले. ती खाडीच्या अंगानं पुढं, ते मागं. अर्ध्या तासात तिनं सात भोकं दाखवली. सहा त्यांनी बुजवली, एकावर तिनं त्यांचा गोळा काढून फेकला आणि परत करायला लावला. सूर्य वर आला. त्यांची कंबर धरली होती.

"आक्का, रोज यायचं?"

"रोज."

"किती दिवस?"

"तूच ऐकलंस ना काल. तीस वरसं. खंड पडला तर जमीन गेली."

पद्माकर चिखलात ताठ उभे राहिले आणि बोटांवर काहीतरी करू लागले. "मी एक्क्याण्णव वर्षांचा होईन!"

"मी सत्त्याण्णवची," चांगुणा पुढच्या भोकाशी वाकत म्हणाली. "बोल, तक्रार कुनी करायची?"